वाचक विचारतात : स्पून किती ग्रॅमचा, किती खोल, किती वेगाने

रॉडने गरवणाऱ्या, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या वेळी धातूच्या स्पूनबद्दल (माशाला भुलवायला पाण्यातून ओढायचा, हुक लावलेला चमच्यासारखा पत्रा) इतकं काही विचारलं गेलंय की पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे. जवळपास प्रत्येकाने 'कोणता घेऊ' असं विचारलंय. पत्र नीट वाचलं की बहुतेकांची अडचण खरेदीत नसून ओढण्यात आहे असं दिसतं, त्यामुळे उत्तरं थोडी तिकडे झुकलेली वाटतील.

प्रश्न : साडेआठ फुटी रॉड आहे, त्यावर 10 ते 40 ग्रॅम लिहिलंय. 4000 नंबरचं रील, 25 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी). रेवदंड्याला धक्क्यावर आणि अधूनमधून मुरुडच्या खडपावर (खडकाळ किनाऱ्यावर) जातो. दुकानात 7 ग्रॅमपासून 60 ग्रॅमपर्यंत स्पूनची रांग लागलेली असते. तीनच घ्यायचे तर कोणते? — एक वाचक, रोहा

तीन पुरेत, पण तिन्ही वेगळ्या कामाचे घ्या. एकाच घाटाचे तीन रंग घेऊन येणारेच जास्त भेटतात, आणि ते पैसे वाया जातात.

स्पून हातात घेतल्यावर रंग नंतर बघा, आधी त्याची कड बघा. पत्रा रुंद आणि पातळ असेल तर स्पून पाण्यात सावकाश उतरतो आणि अगदी हळू ओढला तरी डावीउजवीकडे डुलतो, पण वाऱ्यात भरकटतो आणि लांब जात नाही. तेवढंच वजन अरुंद, जाड पट्टीत असेल तर स्पून लांब जातो, झपकन बुडतो, पण डुलायला त्याला वेग लागतो. बाकी सगळे घाट या दोन टोकांच्या मधले.

म्हणून एक 14 ग्रॅमचा रुंद, साधारण 6 सेंटीमीटर लांबीचा. एक 21 ग्रॅमचा, लांबट आणि मधे हलका नागमोडी वाक असलेला. आणि एक 28 ग्रॅमचा जाड ठोकळ्यासारखा, कास्टमास्टरच्या घाटाचा. पाकिटावर औंस छापले असतील तर पाव औंस म्हणजे 7 ग्रॅम, अर्धा 14, पाऊण 21 आणि एक औंस 28. खाडीत, कमी पाण्यात जिताडा, तांबोशी किंवा हेकरूसाठी पहिला. खडपावरून वाऱ्याच्या तोंडावर फेकायचं असेल, किंवा तारलीच्या थव्यामागे क्वीनफिश, ट्रेवली लागलेली दिसत असेल, तर तिसरा. मधला दोन्हीकडे चालतो, सुरुवात त्यानेच करा. रॉडवर 40 लिहिलंय म्हणून 40 ग्रॅम पूर्ण ताकदीने फेकू नका. असा रॉड 20 ते 28 ग्रॅमला सगळ्यात चांगला वाकतो आणि सुटतो. त्यापुढे टोक दबून राहतं, फेकीचा नेम जातो आणि गाठीवर विनाकारण ताण येतो.

घेतल्यावर एक काम आधी करा. धक्क्यावरून स्पून सरळ खाली सोडा आणि तळाला टेकेपर्यंत मोबाईलवर सेकंद मोजा. मग दोरी हाताने वर घेत किती वाव पाणी आहे ते मोजा. समजा तीन वाव, म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास पाणी निघालं आणि स्पूनला सहा सेकंद लागले, तर तो सेकंदाला जेमतेम एक मीटर उतरतो. तिन्ही स्पूनचा आकडा काढून डबीच्या झाकणावर लिहून ठेवा. फेकल्यावर चार सेकंद थांबायचं की आठ, हे त्यावरून ठरतं. हा आकडा माहीत नसलेला माणूस दिवसभर वरच्या एक मीटर पाण्यातच स्पून ओढत बसतो आणि मासा खाली असतो.

आता वेग. 4000 नंबरच्या रीलवर हँडलच्या एका फेऱ्यात साधारण 80 ते 100 सेंटीमीटर दोरी आत येते. सेकंदाला एक फेरा म्हणजे ताशी तीन-साडेतीन किलोमीटर. जिताड्याला हाही कधी कधी जास्त होतो, एका फेऱ्याला दीड-दोन सेकंद घ्या. क्वीनफिश आणि बाराकुडाला सेकंदाला दोन-अडीच फेरे लागतात, हळू आलेला स्पून ते जवळ येऊन बघतात आणि सोडून देतात. स्पून नीट चालतोय हे रॉडच्या टोकावर कळतं, एकसारखी बारीक धडधड लागते. धडधड थांबली तर हुकाला शेवाळ अडकलंय किंवा स्पून डुलायचा सोडून स्वतःभोवती गिरक्या घेतोय. दोन्ही वेळी पुढे ओढण्यात अर्थ नाही.

आणि दर पाच-सहा फेऱ्यांनी थांबा. दोन सेकंद स्पून पडू द्या. चावा बहुतेकदा या पडण्यातच येतो, कारण पडताना स्पून जखमी मासळीसारखा कलंडतो. मात्र पडताना दोरी पूर्ण सैल सोडू नका. रॉडचं टोक स्पूनबरोबर खाली न्या, म्हणजे दोरीला आलेला लहानसा झटका दिसतो.

प्रश्न : ब्रेड वापरायला लागल्यापासून दर काही फेकींनंतर दोरीचा पुंजका बाहेर पडतो. दुकानदार म्हणतो दोरी बदला, मित्र म्हणतो स्विव्हल (दोरीतला फिरता जोड) लावा. नक्की काय? — रत्नागिरी

लक्षण एकच, पण कारणं दोन असू शकतात. आधी ओळखा. लीडरसकट (दोरीच्या टोकाला बांधलेला जाड तुकडा) दीड मीटर दोरी हातात धरून दोन्ही टोकं जवळ आणा. मधली दोरी आपोआप एकमेकींभोवती वेणी घालायला लागली तर दोरीला पीळ पडला आहे. दोरी सरळ लोंबत राहिली, तर पीळ नाही, रीलवर दोरी सैल गुंडाळली जाते आहे.

पीळ येतो तो स्पून गिरक्या घ्यायला लागला की. प्रत्येक स्पूनला वेगाची एक मर्यादा असते, ती ओलांडली की डुलणं संपतं आणि फिरणं सुरू होतं. कमी पाण्यात पायाजवळ स्पून ओढून हळूहळू वेग वाढवत बघा, कोणत्या फेऱ्याला तो उलटतो ते डोळ्यांना दिसेल. दुसरं कारण जास्त दुर्लक्षित आहे. मासा दोरी ओढत असताना, ड्रॅग (ओढ आली की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) करकरत असताना लोक घाबरून हँडल फिरवत राहतात. स्पिनिंग रीलमध्ये त्या वेळी दोरी आत येत नाही, पण रोटर (दोरी गुंडाळणारा रीलचा फिरता भाग) फिरत असतो. 5.2 गिअरच्या रीलवर हँडलच्या प्रत्येक फेऱ्यात पाचहून जास्त पीळ दोरीत भरले जातात. ड्रॅग वाजतोय तोवर हँडल स्थिर धरायचं. रॉड वर घ्या, मग खाली आणताना गुंडाळा.

स्विव्हल लावाच, पण बॉल बेअरिंगचं. साधं पितळी बॅरल स्विव्हल हातात गरागरा फिरतं आणि ओढ आली की अडकून बसतं. जागा महत्त्वाची आहे. स्पूनच्या नाकात जाडजूड स्नॅप-स्विव्हल अडकवलं तर 14 ग्रॅमचा स्पून मान टाकतो, डुलतच नाही. स्पूनच्या नाकात स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या रिंगसारखी दुहेरी वेढ्याची कडी) किंवा लहान गोल तोंडाचा स्नॅप (उघडझाप होणारी कडी) ठेवा, आणि स्विव्हल त्याच्या 40-50 सेंटीमीटर मागे, लीडरच्या मधे बांधा. काळ्या रंगाचं घ्या. चकचकीत स्विव्हलवर सुरमई तोंड मारते आणि दोरी कापून जाते.

पडलेला पीळ काढायला स्पून-स्विव्हल सगळं सोडून नुसती दोरी ओहोटीच्या वाहत्या पाण्यात साठ-सत्तर मीटर सोडून द्या. पाच मिनिटं पाण्यात ताणून राहिली की पीळ मोकळ्या टोकाकडून निघून जातो. मग दोन बोटांच्या चिमटीत धरून ताणातच गुंडाळा.

पीळ नसेल तर तीन सवयी बदला. फेकल्यावर बेल (रीलवरची दोरी धरणारी तारेची कमान) हँडल फिरवून बंद करू नका, हाताने बंद करा आणि दोरी एकदा ओढून ताणून घ्या. स्पूल काठोकाठ भरू नका, दोन मिलिमीटर कड मोकळी ठेवा. आणि समोरून वारा असताना पातळ, हलका स्पून फेकायचा मोह टाळा, तो हवेत थबकतो आणि मागून येणारी दोरी त्याच्यावर चढते. दोरी बदलायची गरज नाही.

प्रश्न : मी देवबागचो. कर्लीच्या मुखार पाण्याक जोर खूप. स्पून टाकलो काय एकतर वरसून पळता, नायतर तळाक जावन अडाकता. वजन वाढवू काय? — एक वाचक, देवबाग

वजन लगेच वाढवू नका, फेकायची दिशा बदला. बहुतेक जण पाणी जिकडे चाललंय तिकडे फेकतात आणि प्रवाहाविरुद्ध ओढतात. प्रवाहाचा वेग आणि रीलचा वेग यांची बेरीज होते, स्पून पृष्ठभागावर येतो आणि गिरक्या घेतो. तुम्ही म्हणता तो 'वरसून पळता' हाच प्रकार.

प्रवाहाच्या वरच्या अंगाला, तिरकं फेका, घड्याळाच्या काट्याने सांगायचं तर, पाणी डावीकडून येत असेल तेव्हा, दहा-अकराच्या दिशेला. स्पून बुडू द्या आणि पाणीच त्याला कमानीत वाहून नेऊ दे. या वेळात फक्त ढिली पडणारी दोरी आत घ्यायची. स्पून समोरून सरकत तुमच्या खालच्या अंगाला येतो तेव्हा दोरी ताणते आणि तो तळापासून वर उठायला लागतो. कमानीचा हा शेवटचा टप्पा सगळ्यात कामाचा, तिथे हँडल न फिरवता दहा सेकंद स्पून तसाच प्रवाहात डुलत धरा. एवढं करूनही तळ लागतच नसेल, तर 21 वरून 28 ग्रॅमवर जा. तळाला अडकत असेल तर वजन तेच ठेवून रुंद घाटाचा घ्या.

उधाणाच्या ऐन जोरात तिथे स्पून चालवणं कठीणच. भांगाच्या (भरती-ओहोटी कमी असते त्या) दिवसांत किंवा पाणी फिरायच्या आधीचा आणि नंतरचा तासभर बरा. संगमावरच्या वाळूच्या दांड्यांवर कमरेएवढ्या पाण्यात उतरून फेकणं सोडा, त्या दांड्या जागा बदलतात. आणि गरवत मालवणकडे सरकलात तर लक्षात असू द्या की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात 1987 साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे.

प्रश्न : आमच्या खारेपाटात उघाडीच्या (बांधातल्या झडपेच्या) बाहेर ओहोटीला जिताडा स्पून घेतो, उडी मारतो, मान झटकतो आणि स्पून मोकळा होऊन परत येतो. हुक धारदार आहेत, तपासले. 28 ग्रॅमचा जाड स्पून, ट्रेबल (तीन टोकांचा) हुक. — पेण तालुक्यातून

जिताडा भक्ष्य चावत नाही, पाण्यासकट आत ओढून घेतो, आणि त्याच्या तोंडाचा बराच भाग टणक हाडाचा आहे. ट्रेबलचे लहान हुक त्या हाडावर वरवर टेकतात. मग तो पाण्याबाहेर येऊन मान झटकतो तेव्हा 28 ग्रॅमचा धातू हवेत झोके घेतो आणि प्रत्येक झोक्याने हुक उचकटतो. म्हणजे तुमचा स्पूनच त्याला मदत करतो आहे.

वजन 14 ते 18 ग्रॅमवर आणा. उघाडीसमोर लांब फेकायची गरजही नसते. ट्रेबल काढून एकच इनलाइन हुक लावा, 2/0 किंवा 3/0. माप नंबरावर न घेता स्पूनला लावून बघा. हुकाचं टोक स्पूनच्या कडेच्या आड लपता कामा नये, ते मोकळं बाहेर दिसलं पाहिजे. काढलेला ट्रेबल आणि नवा हुक स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घ्या. शेपटीचं वजन दोन ग्रॅमनेही बदललं तरी हलक्या स्पूनची चाल बदलते. हुक लावल्यावर टोक पोकळ बाजूला आणि फुगीर बाजूला, दोन्ही तऱ्हांनी कमी पाण्यात ओढून बघा आणि जास्त चांगला डुलतो तसा ठेवा. स्प्लिट रिंगही बदला. स्वस्त स्पूनवर आलेली रिंग नखाने उघडत असेल तर ती जिताड्याने उघडलीच म्हणून समजा.

चावा आल्यावर रॉड डोक्यावर उडवू नका. पाण्याला समांतर, बाजूला झपाटून ओढा आणि ओढतानाच दोन फेरे गुंडाळा. ड्रॅग अंदाजाने लावू नका. सामान तोलायचा लटकता काटा दोरीला बांधा आणि रॉड वाकवून दोरी कधी सुटते ते बघा. 25 पौंडी ब्रेडला, म्हणजे सुमारे 11 किलोला, पाव हिस्सा ड्रॅग, पावणेतीन किलोच्या आसपास. दोरी वर चढायला लागली, म्हणजे मासा उडीसाठी येतोय, की रॉडचं टोक पाण्याला टेकेल इतकं खाली करा आणि गुंडाळत राहा. उडी अर्धवट होते आणि झटक्यातला जोर जातो. लीडर 50 पौंडी तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी), 80 सेंटीमीटर. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, बारीक लीडर तिथेच कापला जातो. त्याच कारणाने कल्ल्यात बोटं घालून उचलू नका.

वेळेबद्दल एक. कोकणात सगळ्यांना माहीत असलेला हिशोब, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. पण उघाडी तेव्हा वाहत नाही. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेल्याशिवाय झडप उघडत नाही, म्हणून लोंढा भरतीनंतर तास-दोन तासांनी सुरू होतो. बारीक मासळी आणि कोळंबी बाहेर येते ती त्या वेळी. जिताडा लोंढ्याच्या मधे उभा राहत नाही, वेगवान आणि संथ पाण्याच्या शिवेवर थांबतो. स्पून लोंढ्यात टाकून त्या शिवेवर आणायचा. उघाडीवर कुणाची जाळी लागलेली असेल तर आधी विचारा, त्यांचा हक्क पहिला.

तिवरांच्या मुळांत फेकायचं असेल तर हुकावर तारेचं आवरण असलेला वीडलेस स्पून घ्या. तार हुकाच्या टोकाला जेमतेम टेकलेली हवी. फार ताठ असली तर मासाही वाचतो. अशा स्पूनला फटका जोरात द्यावा लागतो, कारण हुक जाड असतो.

प्रश्न : चंदेरी की सोनेरी? — वसई

पाण्यात गुडघाभर उतरून पाय दिसतात का बघा. दिसत असतील तर चंदेरी, नसतील तर सोनेरी किंवा तांबूस. रायगड-ठाण्याच्या खाड्या बहुतेक काळ गढूळ, म्हणून तिकडे सोनेरी. तळकोकणात हिवाळ्यात पाणी निवळतं, तिथे चंदेरी. रंगापेक्षा लांबीला जास्त किंमत द्या. पाण्यात बोटाएवढी बोयची पिल्लं असताना 10 सेंटीमीटरचा स्पून कितीही चकाकला तरी मासे त्याच्या मागे येऊन परत जातात.

प्रश्न : घरातल्या स्टीलच्या चमच्याचा स्पून होईल का? कॉलेजात आहे, दुकानातले परवडत नाहीत. खडकात रोज एक तरी जातो. — वसई

होतो, आणि खडकात घालवायला तोच बरा. पण चमचा तसाच वापरलात तर तो फिरेल, डुलणार नाही. जेवणाच्या चमच्याची वाटी स्पूनसाठी फार खोल असते.

दांडा वाटीपासून एक सेंटीमीटर ठेवून हॅकसॉने कापा. वाटी वाळूच्या पिशवीवर उपडी ठेवून लाकडी हातोडीने ठोका, खोली निम्म्यावर आली पाहिजे. लोखंडी हातोडी वापरलीत तर पोचे पडतात आणि स्पून एका बाजूला ओढतो. मग दोन्ही टोकांना, कडेपासून 4 मिलिमीटर आत, खिळ्याने खूण ठोकून 3 मिलिमीटरचं भोक पाडा. स्टेनलेस स्टीलवर ड्रिल वेगात चालवलं की पत्रा तापून कडक होतो आणि बिट जळतं. म्हणून वेग कमी, दाब जास्त, आणि तेलाचा थेंब. चमचा हातात धरून ड्रिल करू नका, बिट अडकलं की तो पंख्यासारखा फिरतो आणि बोटं कापतो. शिकंज्यात किंवा पकडीत धरा, डोळ्यांवर चष्मा हवा. भोकाची कड गोल कानशीने घासा आणि लीडर थेट भोकात न बांधता दोन्हीकडे स्प्लिट रिंग घाला. निमुळत्या, दांड्याच्या टोकाला लीडर आणि रुंद टोकाला हुक.

हा स्पून हलका होतो, लांब जाणार नाही. लांब जायला कापलेला दांडाच घ्या. 7-8 सेंटीमीटरचा तुकडा, दोन भोकं, मधे हलका नागमोडी वाक. दांडा जाड असेल तर हा तुकडा वाटीपेक्षा लांब फेकला जातो.

रोज एक जातोय म्हणता त्यावर. अडकल्यावर रॉड उचलून झटके देऊ नका, हुक आणखी रुततो आणि सुटलाच तर तो धातू सरळ चेहऱ्याकडे येतो. दोरी सैल करा, बाजूला पंधरा-वीस पावलं चालून उलट्या दिशेने हलकी ताण द्या, आणि ताणलेली दोरी बोटाने तारेसारखी छेडून सोडा. बऱ्याच वेळा एवढ्याने निघतो. तोडायचीच वेळ आली तर ब्रेड हाताला गुंडाळू नका, हाडापर्यंत कापते. लाकडाच्या तुकड्याला चार वेढे देऊन तोंड फिरवून ओढा. हुक एक नंबर पातळ तारेचा लावलात तर तो सरळ होऊन स्पून परत येतो, हा उपाय सगळ्यात स्वस्त. कालवं असलेल्या खडपावर लीडर दर अडकण्यानंतर बोटांतून फिरवून खरबरीत जागा शोधा आणि तेवढा कापून टाका.

प्रश्न : ह्यूस्टनला राहतो. गॅल्व्हेस्टनच्या बाजूला रेडफिशसाठी सगळे सोनेरी वीडलेस स्पून सांगतात. कोकणातला अनुभव इथे उपयोगी पडेल का? — ह्यूस्टन, टेक्सास

हाताची सवय उपयोगी पडेल, भरतीचा हिशोब नाही. मुंबईला उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. गॅल्व्हेस्टनला दिवसभरात पाणी फूट-दोन फूट चढतं-उतरतं, आणि ते चंद्रापेक्षा वाऱ्यावर जास्त अवलंबून असतं. हिवाळ्यात उत्तरेचा जोरदार वारा सुटला की उपसागर रिकामा झाल्यासारखा उथळ होतो आणि मासे खोल वाटांत उतरतात.

रेडफिशचं तोंड खालच्या बाजूला असतं, तो तळावर खेकडे, कोळंबी शोधतो. ख्रिसमस बेसारख्या ठिकाणी तळाला समुद्री गवत आहे, तिथे उघडा हुक दर फेकीला गवत आणतो, म्हणून वीडलेस. पाव औंस किंवा अर्धा औंस, पाणी गुडघ्याएवढं असेल तर पावच. माशाच्या तोंडापुढे दोन-तीन मीटर, तो चालला आहे त्या दिशेला टाका, अंगावर टाकलात तर पळेल. गवताच्या शेंड्यांना हलकं घासत, एकसारखा आणि फिरणार नाही इतपत हळू ओढा. तिथे मधे मधे थांबू नका, स्पून गवतात बसतो. खाऱ्या पाण्याच्या शेऱ्यासह परवाना लागतो, आणि टेक्सासमध्ये ठेवायच्या रेडफिशची लांबी 20 ते 28 इंच. नियम बदलतात, निघण्याआधी ताजे बघा.

प्रश्न : हर्णैहून लहान इंजिनच्या होडीने जातो. सुरमईसाठी स्पून मागे सोडून ओढतो, पण दोरी कापून जाते आणि कधी स्पूनला तोंडच लागत नाही. — दापोली

दोरी कापली जाते ती दातांनी, तिथे तारेशिवाय इलाज नाही. फेकताना 10-12 सेंटीमीटर तार पुरे, होडीमागे ओढताना 30 सेंटीमीटर. त्याहून लांब तार नितळ पाण्यात चावे कमी करते. 40 ते 50 पौंडी एकेरी स्टीलची तार, काळसर. तिच्यावर वाक पडला की फेकून द्या, पुढची सुरमई त्याच वाकावर तोडते.

तोंड लागत नाही, त्याचं कारण बहुधा वेग. मोबाईलवर वेग बघा, 4 ते 6 नॉट, म्हणजे ताशी 7 ते 11 किलोमीटर. स्पून सोडण्याआधी होडीच्या बगलेला एक वाव दोरीवर धरून बघा. डुलतोय तोवर ठीक, गिरकी घेतली की इंजिन कमी करा किंवा अरुंद स्पून लावा. मग 100-150 ग्रॅमचं लांबट शिसं, त्याच्या मागे चार-पाच मीटर लीडर, आणि एकूण 30-40 मीटर दोरी बाहेर. वळणं घेत चला. वळताना आतल्या बाजूचा स्पून मंदावून खाली उतरतो आणि बाहेरचा वेग धरून वर येतो. चावा आतल्या रॉडला आला तर मासे खोल आहेत किंवा त्यांना हळू हवंय, बाहेरच्याला आला तर उलट. पुढचा तास त्याप्रमाणे चालवा. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते हे तुम्हाला सांगायला नकोच.

प्रश्न : पितळी स्पून काळे पडतात, हुक गंजतात. पितांबरीने घासले तर चालेल? — एक वाचक, चिपळूण

भरीव पितळ किंवा तांबं असेल तर चालेल, चिंचेनेही निघतं. सोनेरी मुलामा किंवा वर लाखेचा थर असेल तर मुळीच नको, मुलामा एका घासण्यात जातो. कडेला नखाएवढी जागा घासून खालचा धातू दिसतो का बघा, मग ठरवा. आंबट लावल्यावर गोड्या पाण्याने दोनदा धुवा, भोकात राहिलेली चिंच स्प्लिट रिंग खाते.

गंज टाळायला घरी आल्यावर स्पून दहा मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, नुसती धार सोडून रिंगच्या वेढ्यांतलं मीठ निघत नाही. पुसून, पंख्याखाली वाळवून मगच डबीत. वापरलेला ओला स्पून कोरड्यांच्या डबीत टाकलात तर सकाळी सगळेच लाल दिसतील. गंजलेला हुक घासून परत लावू नका. धार येते, पण काट्याजवळ तो आतून कमकुवत झालेला असतो आणि तिथेच मोडतो.